घरबाजार कोसळला की तिजोरी बुडते, ती बँकांमुळे की तेजीतल्या महसुलामुळे?

खतावणी

घरबाजार आपटला की सरकारी तिजोरीचं कंबरडं मोडतं, यावर फारसं दुमत नाही. पण का मोडतं असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: बँका वाचवाव्या लागतात म्हणून. मला हे उत्तर अर्धं वाटतं, आणि तेही धाकटं अर्धं.

आयर्लंड घ्या. २००७ साली सरकारी कर्ज जीडीपीच्या जेमतेम २५ टक्के, त्याआधी सलग काही वर्षं शिल्लकी अंदाजपत्रकं. आदर्श विद्यार्थी म्हणून पाठ थोपटली जात होती. २०१२ पर्यंत कर्ज १२० टक्क्यांच्या घरात गेलं. बँकांवर खर्च झाले ६४ अब्ज युरो, म्हणजे तेव्हाच्या जीडीपीच्या ४० टक्क्यांच्या आसपास. रक्कम भयानक आहे, पण वाढ झाली ९५ टक्क्यांची. उरलेला निम्म्याहून मोठा भाग आला तो साध्या, कंटाळवाण्या, दर वर्षीच्या तुटीतून. २००७ चा ४७ अब्जांचा करमहसूल २००९ मध्ये ३३ अब्जांवर आला. मुद्रांक शुल्क सगळ्या प्रकारचं मिळून २००६ मध्ये ३.७ अब्ज होतं, ते तीन वर्षांत एक अब्जाच्याही खाली गेलं.

मुद्रांक शुल्क असं का कोसळतं ते बघा. हे शुल्क घराच्या किमतीवर लागतं, पण लागतं फक्त घर विकलं गेलं तर. मंदीत किमती ३० टक्क्यांनी उतरल्या आणि व्यवहार ६० टक्क्यांनी घटले असं धरा. जमा होणार ०.७ गुणिले ०.४, म्हणजे पूर्वीच्या २८ टक्के. किमतीचा आकडा बघून अर्थमंत्री म्हणतो तीस टक्के फटका, आणि प्रत्यक्षात बहात्तर टक्के गेलेले असतात. त्यात आयर्लंडमध्ये महाग घरांना चढत्या टप्प्याने ९ टक्क्यांपर्यंत दर होता, त्यामुळे किंमत खालच्या टप्प्यात घसरली की दरही घसरायचा. तीन बाजूंनी मार.

बरं, हा पैसा तेजीत वाया गेला असता तरी एक वेळ चाललं असतं. त्यातून पगारवाढी झाल्या आणि प्राप्तिकर कमी केला गेला. म्हणजे उडता महसूल कायमच्या खर्चाला बांधून टाकला. माझं म्हणणं एवढंच: तिजोरी मंदीत बुडत नाही, ती तेजीतच बुडालेली असते. पाणी नंतर दिसतं.

विसंगत

आकडे बरोबर, निष्कर्ष सोयीचा. व्यवहार ६० टक्क्यांनी का घटले? लोकांना अचानक घरं नकोशी झाली म्हणून नाही, बँकांनी कर्ज देणं थांबवलं म्हणून. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री आयर्लंड सरकारने बँकांच्या सुमारे ४४० अब्ज युरोंच्या देण्यांना हमी दिली. ती देशाच्या वर्षाच्या जीडीपीच्या दुपटीहून जास्त होती. ज्या सरकारने एका रात्रीत एवढी जोखीम अंगावर घेतली त्याला बाजारात कर्ज कोण देणार? नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्जांचं मदत पॅकेज घ्यावं लागलं ते मुद्रांक शुल्क आटलं म्हणून का? त्या वर्षीची तूट जीडीपीच्या ३० टक्क्यांवर गेली, त्यातला जीडीपीच्या २० टक्क्यांएवढा वाटा बँकांचा.

तुम्ही 'बँकांचा खर्च' आणि 'महसुलाची गळती' अशी दोन खाती काढलीत. खाती दोन दिसतात, आजार एकच आहे. ऑस्कर जोर्डा, मॉरित्झ शुलारिक आणि अॅलन टेलर या अर्थतज्ज्ञांनी १७ प्रगत देशांची १८७० पासूनची आकडेवारी जमवली आहे. १९०० च्या सुमारास बँकांच्या एकूण कर्जात घर-जमिनीच्या तारणावरच्या कर्जाचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास होता, आता तो ६० च्या आसपास आहे. बँक म्हणजे आता मुख्यतः घरांवर कर्ज देणारी पेढी. त्या कर्जांवर मर्यादेचं कुलूप लावा, तिजोरी आपोआप वाचेल.

खतावणी

@विसंगत, मग स्पेनचं काय करायचं? २००७ मध्ये शिल्लकी अंदाजपत्रक, कर्ज जीडीपीच्या ३६ टक्के. बँकांवरचं नियंत्रण तर वाखाणलं जात होतं. चांगल्या काळातच बुडीत कर्जांसाठी जास्तीची तरतूद करायला लावणारा नियम त्यांनी २००० सालीच आणला होता. २०१२ मध्ये बँकांसाठी युरोपकडून १०० अब्जांपर्यंतची मदत मंजूर झाली, प्रत्यक्षात उचलले ४१ अब्ज, म्हणजे जीडीपीच्या ४ टक्क्यांच्या आसपास. आणि सरकारी कर्ज? २०१४ पर्यंत १०० टक्क्यांवर. ४ टक्क्यांनी ६४ टक्क्यांची वाढ समजावून दाखवा.

स्वीडनमध्येही तेच. १९९२ मध्ये सरकारने बँकांना हमी दिली, बुडीत कर्जं वेगळ्या कंपनीत टाकली, एकूण खर्च जीडीपीच्या ४ टक्क्यांच्या आसपास आणि त्यातलाही बराच परत मिळाला. तरी १९९३ ची तूट ११ टक्क्यांवर होती.

कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात हेच आहे. बँकिंग संकटानंतरच्या तीन वर्षांत सरकारी कर्ज महागाई वगळून सरासरी ८६ टक्क्यांनी वाढलेलं दिसतं, आणि त्याचं मुख्य कारण बँका वाचवण्याचा खर्च नसून महसूल आटणं हे आहे, असं ते म्हणतात.

तळटीप

तो ८६ चा आकडा जपून वापरा. त्यामागे डझनभर संकटं आहेत आणि ती एकमेकांसारखी नाहीत. फिनलंड आणि कोलंबिया सरासरीच्या कितीतरी वर, मलेशिया बराच खाली. अशा पसाऱ्याची सरासरी हा मथळ्यासाठी चांगला आकडा असतो, धोरणासाठी नाही.

स्पेनबद्दलही एक. २००७ मध्ये तिथल्या एकूण रोजगारात बांधकामाचा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास होता. ते सगळं थांबल्यावर २०१३ मध्ये बेरोजगारी २६ टक्क्यांवर गेली. प्राप्तिकर गेला, सामाजिक सुरक्षेची वर्गणी गेली, वर बेकारभत्ता सुरू झाला. म्हणजे घरांवरचा कर हा या गोष्टीतला लहान भाग. मुद्रांक शुल्क उद्या रद्द केलंत तरी गवंड्याचा प्राप्तिकर घरबाजारावरच अवलंबून राहणार. त्याला कुठल्या खात्यात टाकणार?

मोजपट्टी

@विसंगत यांच्या बाजूने एक उदाहरण, कारण ते नेहमी विसरलं जातं. हाँगकाँग. १९९७ च्या शिखरापासून २००३ पर्यंत घरांच्या किमती ६० टक्क्यांहून जास्त पडल्या. २००३ च्या मध्याला एक लाखाहून जास्त कर्जदारांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं झालं होतं. तरीही थकीत गृहकर्जाचं प्रमाण दीड टक्क्याच्या वर गेलं नाही आणि एकही मोठी बँक बुडाली नाही. कारण १९९१ पासून घराच्या किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंतच कर्ज, ही मर्यादा. ३० टक्के स्वतःच्या खिशातून घातलेला माणूस सहजासहजी किल्ल्या टाकून जात नाही.

अर्थमंत्र्याला 'तेजीत काटकसर कर' असं सांगणारे शंभर अहवाल येतात आणि फडताळात जातात. कर्जमर्यादा हा एका ओळीचा नियम आहे, आणि तो मंत्र्याच्या हातात नसतो.

खतावणी

@मोजपट्टी, छान उदाहरण, आणि ते माझ्या बाजूचं आहे. बँका ठणठणीत राहिल्या. तिजोरी? त्या पाच-सहा वर्षांत बहुतेक वर्षी तुटीत. अलीकडचं तर आणखी बोलकं आहे: २०१७-१८ मध्ये जमिनीच्या अधिमूल्यातून (सरकार जमीन भाडेपट्ट्याने देताना घेतं ती रक्कम) १६० अब्ज हाँगकाँग डॉलरहून जास्त आले, २०२३-२४ मध्ये २० अब्जांच्या आसपास. कुठलीही बँक न बुडता हे झालं. तिथल्या सरकारने ते पचवलं, कारण चांगल्या वर्षांतली गंगाजळी बाजूला ठेवलेली होती. मी दुसरं काय म्हणतोय?

@तळटीप, गवंड्याचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच वेगळं खातं फक्त शुल्काचं नको, एकूण महसुलातला घरतेजीचा भाग वेगळा काढायला हवा. हे सोपं नाही. २००७ मध्ये आयर्लंडची 'चक्राचा परिणाम वगळून' काढलेली शिल्लकही अधिकृत हिशेबात चांगलीच दिसत होती. नंतर तीच वर्षं पुन्हा मोजल्यावर मोठी तूट निघाली. हिशेबाची पद्धत उत्पादनातला चढउतार वजा करत होती, घरांच्या किमतीतला नाही.

शेवटचा बाक

हाँगकाँग सोडलं तर तुम्ही सगळे पश्चिमेतच फिरताय. खरा प्रयोग चीनमध्ये चाललाय, आणि तिथे बँक आणि तिजोरी हा भेदच निरर्थक आहे.

१९९४ च्या करवाटपानंतर महसुलाचा मोठा हिस्सा केंद्राकडे गेला, खर्च स्थानिक सरकारांकडे राहिला. मग त्यांनी जमिनीचे वापरहक्क विकायला सुरुवात केली. २०२१ मध्ये या विक्रीतून ८.७ लाख कोटी युआन आले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, केंद्राने डेव्हलपरांच्या कर्जावर 'तीन लाल रेषा', म्हणजे तीन मर्यादा, आखल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये एव्हरग्रांद ही बडी डेव्हलपर कंपनी थकली, आणि २०२४ मध्ये जमीनविक्रीचे पाच लाख कोटीही आले नाहीत.

मधल्या काळातली गंमत बघण्यासारखी आहे. २०२२ मध्ये खासगी डेव्हलपर लिलावाला फिरकेनात. तेव्हा स्थानिक सरकारांच्याच मालकीच्या वित्त कंपन्यांनी बोली लावली. कंपनीने कर्ज काढायचं, त्या पैशाने आपल्याच सरकारकडून जमीन घ्यायची, सरकारने ती रक्कम 'महसूल' म्हणून लिहायची. भूखंड रिकामाच. शेवटी त्याच वर्षी अर्थमंत्रालयाला हा प्रकार बंद करण्याचा आदेश काढावा लागला. उजव्या खिशातून डाव्या खिशात, तेही व्याजाने! नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक सरकारांचं छुपं कर्ज उघड्या वहीत आणायला १० लाख कोटी युआनची योजना जाहीर झाली.

तरीसुद्धा एक प्रश्न खतावणींना. याच जमिनीच्या पैशातून मेट्रो, रस्ते, मलनिस्सारण उभं राहिलं. 'उडता महसूल कायमच्या खर्चाला लावू नका' म्हणता, तर त्यांनी तो बऱ्याच अंशी भांडवली कामांनाच लावला होता. तुमच्या नियमाने चीन पास व्हायला हवा होता.

खतावणी

@शेवटचा बाक, नुसता महसूल लावला असता तर पास झाला असता. त्यांनी उद्याच्या जमिनीच्या किमतीवर आजच कर्ज काढलं. माझ्या नियमात हे दुसरं कलम म्हणून घाला.

मला उपाय दिसतो तो असा: व्यवहारावरचं शुल्क हळूहळू कमी करा आणि दर वर्षीची घरपट्टी नीट बसवा. आयर्लंडने घरांवरचा सरसकट वार्षिक कर १९७८ मध्ये काढून टाकला होता, तो २०१३ मध्ये परत आला. शुल्क २०१० च्या अखेरीस १ आणि २ टक्क्यांवर आणलं गेलं. अमेरिकेत बायरन लुट्झ, रेव्हन मोलॉय आणि हुई शान यांनी २००७ नंतरच्या पडझडीचा अभ्यास केला, तेव्हा मालमत्ता कराचं उत्पन्न किमतींबरोबर कोसळलं नाही असं दिसलं. मूल्यांकन मागून येतं आणि स्थानिक सरकारं दर थोडे वाढवतात.

विसंगत

'मूल्यांकन मागून येतं' हे तुम्ही गुण म्हणून सांगताय! डेट्रॉइटमध्ये ते मागूनच आलं. किमती मातीमोल झाल्या, करासाठीची मूल्यांकनं वेळेत उतरवली नाहीत, आणि हजारो कुटुंबांची घरं करथकबाकीपोटी गेली. शहराने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केलाच. तिजोरीचं स्थैर्य म्हणजे धक्का घरमालकाच्या अंगावर ढकलणं असेल तर तसं स्पष्ट म्हणा.

तळटीप

शिवाय मूल्यांकन करायचं धैर्य कुठे आहे? इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे घरांवरच्या स्थानिक कराचे, टप्पे अजून एप्रिल १९९१ च्या किमतींवर आहेत. जर्मनीत २०१८ मध्ये संवैधानिक न्यायालयाला मालमत्ता कराची पद्धत घटनाबाह्य ठरवावी लागली, कारण पश्चिमेतली मूल्यं १९६४ ची आणि पूर्वेतली १९३५ ची होती. चीनने शांघाय आणि चोंगचिंगमध्ये २०११ मध्ये प्रयोग सुरू केला, तो देशभर गेलाच नाही. एकपक्षीय राजवटीला जे जमेना ते निवडून आलेल्या सरकारला जमेल?

खतावणी

@विसंगत, डेट्रॉइटचा दोष वेळेत फेरमूल्यांकन न करण्याचा आहे, वार्षिक कराचा नाही. उत्पन्न कमी पण घर मोठं अशा लोकांसाठी आयर्लंडच्या करात लांबणीवर टाकायची सोय आहे: व्याजासह रक्कम घरावर चढते आणि विक्रीच्या किंवा वारशाच्या वेळी वसूल होते. अवघड आहे, अशक्य नाही.

मोजपट्टी

यात कोणी करसवलतींबद्दल बोललंच नाही. घरकर्जाच्या व्याजावर सूट देऊन सरकारंच तेजीला फुंकर घालतात. नेदरलँड्समध्ये या सवलतीमुळे मुद्दल न फेडता फक्त व्याज भरत राहणं फायद्याचं झालं, आणि कुटुंबांचं कर्ज त्यांच्या वार्षिक खर्चयोग्य उत्पन्नाच्या दुपटीवर गेलं. २०१३ पासून नव्या कर्जांना मुद्दल फेडत असाल तरच सूट, असा नियम आला. ब्रिटनने तर २००० मध्ये सवलत पूर्ण काढली. एका हाताने महसूल सोडायचा, त्यातून जोखीम वाढवायची, आणि मग बँकेला वाचवायला दुसरा हात. @खतावणी, तुमच्या जमाखर्चात हा खर्च तेजीच्या बाजूला लिहा.

खतावणी

लिहितो. ही तर तेजीतच बुडण्याची सगळ्यात शुद्ध तऱ्हा झाली.

शेवटचा बाक

ठीक आहे, पण व्यवहारात कसं ओळखायचं? 'तेजीचा महसूल बाजूला ठेवा' म्हणणं सोपं. तेजी चालू असताना प्रत्येक मंत्री म्हणतो की ही तेजी नाही, ही प्रगती आहे.

खतावणी

किमतीवर वाद घालत बसलात तर कधीच ठरणार नाही, ती योग्य होती असं सांगणारा कोणीतरी नेहमी सापडतो. मी संख्या बघेन: किती घरं बांधली जाताहेत, किती विकली जाताहेत. तेव्हाच्या आकडेवारीनुसार २००६ मध्ये आयर्लंडमध्ये ९० हजारांच्या आसपास घरं पूर्ण झाली. लोकसंख्या बेचाळीस लाख! एवढ्या घरांत राहायला माणसं कुठून येणार होती हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. दहा वर्षांची सरासरी घ्या, तिच्यावरच्या व्यवहारांचं शुल्क अंदाजपत्रकात धरूच नका.

विसंगत

संख्या सगळ्यांना दिसत होती हो. तरी मे २००७ च्या निवडणुकीत तिथल्या पक्षांमध्ये चढाओढ लागली होती ती मुद्रांक शुल्कात जास्त सवलत कोण देणार याची. तुमची दहा वर्षांची सरासरी त्या प्रचारसभेत कोण वाचून दाखवणार होतं? कर्जमर्यादेला निदान निवडणूक लढवावी लागत नाही.