दलदलीतले जुने चर बुजवावेत की राहू द्यावेत?

चिखलणी:
फिनलंडची जवळजवळ एक तृतीयांश जमीन मुळात दलदलीची. त्यातली निम्म्याहून जास्त माणसाने चर खणून कोरडी केली. बहुतेक काम १९६०-७० च्या दशकांतलं, झाडं जोमाने वाढावीत आणि लाकूड मिळावं म्हणून. आता तेच चर बुजवायला निघालं की आक्षेप ठरलेला: पाणी परत आलं की मिथेन, म्हणजे हवा तापवणारा वायू, सुटणार! मला हा आक्षेप पटत नाही.

पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर. तो वर्षाला मिलिमीटरभर साचतो, बहुतेकदा त्याहूनही कमी. म्हणजे दोन मीटरचा थर ही किमान दोन हजार वर्षांची पुंजी. पाण्याखाली ऑक्सिजन पोचत नाही, कुजणं रखडतं, म्हणून ती साचते. चर खणला की पाणी उतरतं, हवा शिरते आणि पुंजी कार्बन डायऑक्साइड होऊन उडायला लागते. जगाच्या जमिनीत पीटभूमी जेमतेम ३ टक्के, पण तिच्यातला कार्बन सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातल्या कार्बनपेक्षा जास्त. मिथेनच्या धास्तीने चर तसेच ठेवणं म्हणजे घर पेटलेलं असताना भिंतींना ओल येईल म्हणून बंब परत पाठवणं.

आकडेमोडे:
असहमत. बंबाची उपमा झकास, पण घर कुठलं पेटलंय ते तरी बघा. शेतीसाठी कोरडी केलेली पीटभूमी असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. नांगरट होते, खत पडतं, कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला नायट्रस ऑक्साइड हा आणखी एक तापवणारा वायूही सुटतो. पण तुम्ही धागा काढलात जंगलवाल्या जमिनीवर. तिथे मातीतून जाणारा कार्बन त्यामानाने कमी, निकस जागी तर फारच कमी, आणि झाडं, मुळं, पालापाचोळा त्यात भर घालत असतात. फिनलंडच्याच दोन संशोधकांनी २०२० मध्ये हे मांडलं: शेतीखालच्या आणि उष्ण कटिबंधातल्या पीटभूमीत पाणी परत आणल्याचा फायदा लवकर दिसतो, जंगलासाठी कोरड्या केलेल्या जागी नाही. २० वर्षांच्या हिशोबात मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जड पडतो, १०० वर्षांच्या हिशोबात साधारण २८ पट. आणि आपली घाई पुढच्या तीसेक वर्षांची आहे ना?

चिखलणी:
घाई आहे म्हणून नातवंडांच्या नावावर कर्ज काढायचं? मिथेन साधारण बारा वर्षांत विरतो. एकाच दराने सुटत राहिला तर हवेतला साठा एका पातळीला येऊन थांबतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं राहतो, ढीग वाढतच जातो. २० वर्षांची खिडकी धरली की हे दिसतच नाही.

शेवाळी:
दोघंही "पाणी, पाणी" करताय. किती पाणी, ते कोणी बोलेना!

उत्तर फिनलंडमध्ये अशा एका जागी दिवसभर हिंडलेय. चराच्या एका अंगाला किडकिडीत पाइन, खाली झुडपं, पायाखाली टणक. दुसऱ्या अंगाला पाऊल टाकलं की जमीन गादीसारखी दबते आणि बुटाभोवती पाणी गोळा होतं. स्फॅग्नम शेवाळाचा मूठभर गोळा उचलून पिळला, तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं आणि हातात राहिलं ते चिमूटभर फिकट काहीतरी. चराच्या कडेचं पीट काढून बघितलं, तपकिरी, ओलं, आणि आतली मुळं अजून ओळखू येत होती.

आता मुद्दा. पाणी शेवाळाच्या माथ्याखाली दहाएक सेंटीमीटरवर राहिलं तर खाली तयार होणारा बराचसा मिथेन वर येता येता जिवाणू खाऊन टाकतात. घाईघाईत बांध घालून वर तळं साचवलंत, तर लव्हाळ्यासारखं गवत माजतं. त्याच्या पोकळ देठांतून मिथेन नळीतून यावा तसा जिवाणूंना चुकवून थेट हवेत. "चर बुजवला" दोन्हीकडे लिहिता येईल, निकाल मात्र उलटे.

कुंपणावरचा:
आकडेमोडे, आगीचा रकाना कुठाय तुमच्या तक्त्यात? २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्को धुराने गुदमरलं, त्यातला बराच धूर कोरड्या पीटचा होता. ही आग जमिनीखाली धुमसत राहते, वरून पाणी मारून विझता विझत नाही. पुढे त्या भागात हजारो हेक्टरवर पाणी परत सोडावं लागलं.

आकडेमोडे:
रशियातल्या त्या जागा बऱ्याचशा पीट खणून नेऊन उघड्या टाकलेल्या. तिथे पाणी सोडा, मीही टाळ्या वाजवीन. तो दाखला उभ्या जंगलाला चिकटवू नका.

ध्रुवतारा:
तुमचं भांडण चरांपुरतं आहे. स्वीडनच्या उत्तरेला, आबिस्कोजवळ स्टोर्डालेनची दलदल आहे. पोटात बर्फ असलेले पीटचे उंचवटे, वरून कोरडे. तिकडे त्यांना पाल्सा म्हणतात. कोणीही चर न खणता ते खचताहेत, कारण पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, वितळतोय. खचलेल्या जागी पाणी, गवत, आणि मिथेन वाढलेला. तिथे फावडं घेऊन जाऊन काय करणार?

आकडेमोडे:
म्हणजे मिथेनची एक तोटी आपण बंदच करू शकत नाही. मग दुसरी आपल्या हाताने का सोडायची?

चिखलणी:
कारण हातात असलेली तोटी कार्बन डायऑक्साइडची आहे, आणि ती आज चालू आहे.

पण एक मागे घेतो. मी सगळे चर एकाच दमात बुजवायला निघालो होतो. २०२४ च्या युरोपीय कायद्यातही शेतीखालच्या कोरड्या पीटभूमीचं उद्दिष्ट वेगळं ठेवलंय: २०३० पर्यंत ३० टक्क्यांवर काम, त्यातल्या किमान चतुर्थांश भागात पाणी परत. क्रम शेतीपासून, हे मान्य. जंगलवाल्या जागांत मात्र जिथे पन्नास वर्षांत झाडं मनगटाएवढीच झाली, तिथे पुन्हा चर उपसायला पैसे घालू नका. लाकूड नाही ते नाहीच, दलदलीतले पक्षी आणि शेवाळंही जातात.

शेवाळी, पाणी दहा सेंटीमीटरवर आहे हे तिथे मोजतात कसं?

शेवाळी:
भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप पीटमध्ये उभा रोवलेला असतो. त्यात खुणा केलेली बारीक नळी सोडायची आणि तोंडाने फुंकत हळूहळू खाली न्यायची. बुडबुड ऐकू आली की थांबायचं, खूण वाचायची. वारा असला की ऐकू येत नाही, मग पाइपला कान लावून गुडघ्यांवर बसायचं, चिखलातच.