श्वासचाचणीला नकार आणि अनुच्छेद २०(३)

प्रश्न (चिंचवडकर):
माझ्या मावसभावाला गेल्या आठवड्यात रात्री नाकाबंदीत थांबवण्यात आले. यंत्रात फुंकण्यास सांगितल्यावर, ‘राज्यघटनेनुसार कोणावरही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही,’ असे म्हणून त्याने नकार दिला. पोलिसांनी त्याला अटक केली, सरकारी रुग्णालयात रक्त काढण्यात आले आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा, गुन्हा नोंदवला गेला. न्यायालयातही हाच मुद्दा मांडण्याचा त्याचा हट्ट आहे. घरच्यांना मात्र गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळे व्हावे असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (ठाण्याचा वकील):
हा मुद्दा टिकणार नाही. आरोपीला स्वतःच्या माहितीतून, म्हणजे तोंडी वा लेखी निवेदनातून, स्वतःलाच अडकवण्यास भाग पाडू नये, एवढेच संरक्षण अनुच्छेद २०(३) देतो. १९६१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने यांना अशी साक्ष मानण्यास नकार दिला. श्वास आणि रक्त त्याच पंक्तीत बसतात. ‘किती घेतली?’ या प्रश्नाला उत्तर न देण्याचा अधिकार मात्र त्याला होता. गंमत अशी की बहुतेक जण तिथे ‘साहेब, दोनच पेग’ असे सांगून मोकळे होतात आणि फुंकायला तेवढे नाही म्हणतात. शिवाय सबळ कारणाशिवाय दिलेला नकार मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ नुसार सरकार पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारी बाब म्हणून गृहीत धरता येतो.

उत्तर (नदीकाठ):
परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालाने नार्को चाचणीची सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य झाले. मग दंडात सुई टोचून रक्त घेणे कसे चालते?

उत्तर (ठाण्याचा वकील):
सेल्वीमध्ये आक्षेप सुईला नव्हता, तर औषधाच्या अमलाखाली माणसाकडून वदवून घेण्याला होता. २०१९ च्या रितेश सिन्हा निकालात तर आवाजाचा नमुना देण्याची सक्तीही मान्य झाली आणि गोपनीयतेचा अधिकार निरंकुश नाही, असे न्यायालयाने म्हटले.

बचावाला जागा आहे ती अनुच्छेद २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतील संरक्षण) कडे, म्हणजे कार्यपद्धतीत. कलम २०२ नुसार अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. अर्थात त्यामुळे कोठडी सुटते, खटला सुटत नाही. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने वरळीतील अपघाताच्या प्रकरणातून आलेल्या निकालात नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याला असा कागद मिळाला का, हे आधी विचारा. त्यानंतर रक्ताच्या बाटलीचा प्रवास तपासा: लेबलवरचे नाव, रक्त काढल्याची वेळ, सीलचा ठसा, रक्त टिकवण्यासाठी घातलेले द्रव्य, प्रयोगशाळेत जाईपर्यंत बाटली कोणाच्या ताब्यात होती. वांद्र्यातील २००२ च्या अपघाताच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सलमान खान यांना निर्दोष सोडले, तेव्हा रक्तनमुन्याच्या हाताळणीविषयीची शंकाही महत्त्वाची ठरली होती.

चिंचवडकर:
आभारी आहे. मग कबुलीचे काय करावे?

उत्तर (निवृत्त कोर्ट कारकून):
हा गुन्हा तडजोड शुल्क भरून मिटत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि तिच्यापाठोपाठ मोटार वाहन कायद्याच्या कलम २० खाली किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्रता येते, हे दंड भरण्याच्या घाईत बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पुन्हा सापडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड पंधरा हजारांपर्यंत जातो. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे, त्यामुळे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल हाती येण्यापूर्वी कबुली देणे मला शहाणपणाचे वाटत नाही. तो आल्यावर वकिलाला दाखवा आणि मगच घरच्यांनी ठरवावे.