मदत हवी आहे : पाठीचा कणा वाकलेल्या मुलीचा डोळे मिटल्यावर तोल जातो

मंगळवारपेठकर : माझ्या मुलीला स्कोलिओसिस असल्याचे गेल्या महिन्यात कळले. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ती डुलते आणि बेसिनची कड घट्ट धरते. एरवी हीच मुलगी महाद्वार रोडच्या गर्दीतून सायकल नीट चालवते. डॉक्टरांनी कण्याला आधार देणारा पट्टा लिहून दिला, पण तोल जाण्याविषयी ऐकूनच घेतले नाही. दोष मेंदूत आहे का, आणि डोक्याचा एमआरआय करावा का? उद्या पुन्हा जायचे आहे, कृपया लवकर सांगावे.

रंकाळाकाठ : वय, एक्स-रेवरील कॉब कोन (कणा किती अंश वाकला आहे त्याचे माप) आणि पाळी सुरू झाली आहे की नाही, हे कळल्यावाचून कोणी काय सांगणार? माझ्या भाच्याचा कोन १४ अंश होता. त्याला पट्टा लागला नाही, दर सहा महिन्यांनी फक्त तपासणी केली.

तालीमप्रेमी : पट्ट्याने स्नायू दुबळे होतात. मुलीला मल्लखांबाला घाला, कणाही सरळ होईल आणि तोलही येईल.

मंगळवारपेठकर : वय १२, कोन ३१ अंश, बाक छातीच्या भागात उजवीकडे, पाळी अजून नाही. पण मी मेंदूविषयी विचारले होते.

निवृत्त शिक्षिका : दप्तराचे ओझे आधी कमी करा, बाई. आमच्या वर्गातल्या मुली एकाच खांद्यावर दप्तर अडकवत असत.

शाहूपुरीतील फिजिओ : दप्तराने पाठ दुखते, स्कोलिओसिस होत नाही. तालीमप्रेमी, मल्लखांब मलाही प्रिय आहे, परंतु त्याने ३१ अंशांचा बाक थांबतो याला पुरावा नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसते लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. आणि ज्यांनी पट्टा अधिक तास घातला त्यांना लाभही अधिक झाला. ताई, पाळी आलेली नाही म्हणजे उंची बरीच वाढायची आहे, तेव्हा पट्टा लांबवू नका.

आता तोलाविषयी. डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव यांचा मेळ मेंदू घालत असतो, आणि डोळे मिटले की त्याला उरलेल्या दोहोंवर भिस्त ठेवावी लागते. स्कोलिओसिस असलेली मुले अशा वेळी इतरांपेक्षा अधिक डुलतात असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, मेंदूलहरींतही फरक आढळले आहेत. मात्र हा फरक बाकाचे कारण आहे की परिणाम, हे ठरलेले नाही. म्हणून केवळ डुलण्यावरून डोक्याचा एमआरआय करत नाहीत. खोकताना डोके दुखणे, हातापायांना मुंग्या, लघवीवर ताबा नसणे, बाक झपाट्याने वाढणे, यांपैकी काही असल्यास मात्र संपूर्ण कण्याचा एमआरआय सांगतात. डॉक्टर बेंबीच्या भोवती त्वचेवर हलकी रेघ ओढून दोन्ही बाजूंचे स्नायू सारखे आकसतात का, हेही पाहतात. ते उद्या आवर्जून करून घ्या.

मंगळवारपेठकर : खोकताना डोके दुखते का, हे मी तिला कधी विचारलेच नव्हते. ती शाळेतून आली की विचारते.