रात्री उसाच्या डबल ट्रॉलीला मागून काय लावायचं?

प्रश्न (चिक्कोडी भाग): गळीत हंगाम सुरू झालाय. मागच्या ट्रॉलीच्या फाळक्याला लाल रेडियमची पट्टी आहे, तरी निपाणी रस्त्यावर कारवाले म्हणतात, ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. टेललाइटची वायर दोन खेपांत तुटते. काय करावं?

उत्तर १: दादा, फाळक्यावरची पट्टी फक्त रिकाम्या ट्रॉलीची दिसते. ऊस भरला की मोळ्या बाहेर येतात, वाढं (उसाचा हिरवा शेंडा) लोंबतं आणि पट्टी, लाइट दोन्ही झाकतात. खूण उसावरच हवी. ट्रॉलीच्या रुंदीएवढी पत्र्याची पाटी घ्या, तिच्यावर ५० मिमी रुंदीची लाल रिफ्लेक्टर टेप मारा. भरणी झाली की शेवटच्या मोळ्यांना दोरीनं घट्ट बांधा, जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर. ढिगाच्या टोकावर नको, मागच्या गाडीचा डिपर (हेडलाइटचा खाली वळवलेला उजेड) तिथवर पोचत नाही. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. मागं पांढरी लावली तर गाडी समोरून येतेय असं वाटतं. साधा रंगीत स्टिकर टेपसारखा चमकत नाही. अंधारात पन्नास पावलांवरून, बॅटरी डोळ्यांजवळ धरून तपासा.

उत्तर २: कारवाल्यांचं खरं आहे. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ तरी लागतात. डिपरमध्ये बिनचमकीची काळपट वस्तू साधारण ४०-५० मीटरवर दिसते. मग धडक ठरलेलीच! पाटी असली की लांबूनच कळतं. मात्र चिखल बसला की ती मेली, दर खेपेला ओल्या फडक्यानं पुसा.

उत्तर ३: वायर जोडणीच्या पिनपाशी तुटते, कारण वळताना ताणते. तिथं फूटभर ढील सोडा, जुन्या पाइपातून न्या. दोन ट्रॉल्यांमध्ये पिनेला लॉक आणि शिवाय साखळी हवीच.

सगळ्यात धोक्याची म्हणजे पंक्चर होऊन उभी राहिलेली ट्रॉली. शक्यतो डांबरावरून खाली घ्या, ५० मीटर मागं लाल त्रिकोण ठेवा, हायवेवर त्याहून लांब. चाकाखाली लावलेले दगड निघताना उचलाच, मागून येणारा मोटरसायकलवाला त्यांच्यावरच पडतो. अपघात झाला तर ११२ किंवा १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीजवळ फोन पलीकडच्या राज्यात लागू शकतो, म्हणून आधी गाव आणि राज्य सांगा.

प्रश्नकर्ता: बैलगाड्यांचं काय?

उत्तर १: तीच पाटी, पण लहान, मागच्या मोळ्यांना. जुवाला पुढून पांढरी टेप.