बर्फाळ गावातला वसंत: तुमच्याकडे कधी आला आणि कितीदा परत गेला?

तळ्याकाठची (धागाकर्ती):
पंचांगात चैत्र लागतो, इकडच्या कॅलेंडरात २० मार्चला स्प्रिंग छापलेलं असतं आणि अंगणात डिसेंबरचा बर्फ काळा पडून तसाच बसलेला असतो. थंडीची एकवेळ सवय होते, या वसंताच्या लहरींची होत नाही.

मी मिनियापोलिसजवळ राहते. इथे वसंत झाडांवरून नाही, तळ्यावरून ठरवतात. मिनेटोंका तळ्यावरचा बर्फ कधी गेला याच्या नोंदी १८५५ पासूनच्या आहेत. शेरिफच्या गस्तीच्या बोटीला या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फात न अडकता जाता आलं, की ‘आइस आउट’ जाहीर होतं. साधारण एप्रिलच्या मध्यावर. पण २०१८ साली त्याला ५ मे उजाडला. त्याच वर्षी एप्रिलच्या मध्यावर हिमवादळ आलं, फूटभराहून जास्त बर्फ पडला आणि बेसबॉलचे सामने पुढे ढकलावे लागले. उलट २०२३-२४ चा हिवाळा इतका कोमट गेला की तळ्यावर मासेमारीच्या झोपड्या न्यायला धड जाड बर्फच तयार झाला नाही.

तळं मोकळं होतं ते बघण्यासारखं असतं. बर्फ नुसता वरून झिजत नाही, तो उन्हाने आतून पोखरला जातो. त्याचे उभे लांब स्फटिक एकमेकांपासून सुटे होतात, रंग करडा-काळा होतो. मग एखाद्या वाऱ्याच्या दुपारी अख्खा थर किनाऱ्याकडे ढकलला जातो आणि काच फुटल्यासारखा किणकिणत मोडतो. फेब्रुवारीत जिथे ट्रक उभे होते तिथे संध्याकाळी लाटा!

तर सांगा: तुमच्या गावी वसंत आला हे लोक कशावरून ओळखतात? आणि तो कसकसा चकवतो? एकच अट आहे. ‘आमच्या पुण्यात आत्ता ३९ आहे’ हे सांगायला कुणी येऊ नये.

ओंटारियोकर:
ताई, तुमचं ते २०१८ चं वादळ पुढे आमच्याकडेच आलं. टोरांटोत गोठणारा पाऊस पडला. पडताना पाणी, टेकलं की बर्फ. सीएन टॉवरवरून बर्फाचे तुकडे सुटले आणि शेजारच्या स्टेडियमच्या छताला भोक पडलं. १६ एप्रिलची मॅच पुढे ढकलली. सरकतं छत असलेलं स्टेडियम, हवामानाची कटकट नको म्हणून बांधलेलं!

आमचा वसंत हाय पार्कमधल्या साकुराच्या (जपानी चेरीच्या) झाडांवर ठरतो. १९५९ मध्ये टोकियोच्या नागरिकांनी भेट दिलेली झाडं. एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला फुलतात, म्हणजे नक्की कधी ते विचारू नका. कळ्या कुठवर आल्या याच्या बातम्या लोक शेअर बाजारासारख्या बघतात. आमचा डबापार्टीचा बेत दर वर्षी ‘या शनिवारी, नाही पुढच्या’ करत सरकतो. २०१६ साली थंडी-उकाड्याच्या खेळात बहुतेक झाडं फुललीच नाहीत. आम्ही बिनफुलांच्या झाडांखाली बसून थालीपीठं खाल्ली. थालीपीठं उत्तम झाली होती.

जुना_बॉस्टनकर:
१९९७. मी विद्यार्थी होतो. ३० मार्चला ईस्टरचा रविवार, छान ऊन, लोक नदीकाठी बाह्या वर करून फिरतायत. सोमवारी पावसाला सुरुवात, रात्री त्याचा बर्फ झाला आणि १ एप्रिलला उजाडेपर्यंत दार उघडेना. एकूण २५.४ इंच. वर्ग बंद असल्याचा निरोप आला तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांना तो एप्रिल फूल वाटला. चार दिवसांनी सगळं वाहून गेलं, तेवढंच काय ते वसंतपण.

२०१५ चंही सांगतो. त्या मोसमात ११०.६ इंच बर्फ पडला. तो उचलून शहराने बंदराजवळच्या मोकळ्या जागेत ढीग घातला. कचरा-माती मिसळल्यामुळे तो वितळता वितळेना. अखेर १४ जुलैला संपला. आषाढ लागायची वेळ झाली तरी बॉस्टनमध्ये बर्फ शिल्लक होता, हे गावी फोनवर सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

माणदेशी_आजोबा:
नमस्कार मंडळी. मुलाकडे कॅल्गरीला आलो आहे. सूनबाईंनी हा धागा दाखवला, टंकून पण तीच देते आहे.

इथे चिनूक नावाचा वारा आहे. सकाळी उणे पंधरा, दुपारी अधिक आठ. छपरावरून धारा लागतात, रस्त्यात तळी साचतात. पश्चिमेला डोंगरांवर ढगांची कमान दिसली की नातू म्हणतो, आजोबा, आज स्वेटर पुरे. मला याचं कारण लगेच कळलं, कारण आम्ही माणातली माणसं. आमच्याकडे पावसाळी वारा महाबळेश्वरला सगळं पाणी सांडून कोरडा होऊन येतो. इथे पॅसिफिकवरचं ओलं वारं रॉकी पर्वतावर चढताना रितं होतं आणि पलीकडे कोरडं उतरतं. कोरडी हवा उतरताना दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी तापते. आमचा डोंगर लहान, शिवाय वारा मुळातच उबदार. इथे फरक अंगाला लागतो. सौ.चं डोकं मात्र चिनूक आला की ठणकतं. इथल्या बऱ्याच जणांचं ठणकतं म्हणे.

पण याला वसंत म्हणू नये. जानेवारीतही येतो आणि दोन दिवसांत पुन्हा उणे वीस. शेजारच्या बाई म्हणाल्या, लायलॅक फुलला की खरं माना. तो बहुधा जूनमध्ये. मे महिन्यात बर्फ पडला तेव्हा त्या शांतपणे कुंड्या आत नेत होत्या, शिव्या वगैरे काही नाही. मला कौतुक वाटलं.

तळ्याकाठची:
आजोबा, दंडवत! सूनबाईंनाही.

चैत्रपालवी:
स्टॉकहोम. आमच्याकडे वसंताची सरकारी व्याख्या आहे. दिवसाचं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्याच्या वर राहिलं, की त्यातल्या पहिल्या दिवशी वसंत आला असं हवामान खातं जाहीर करतं. म्हणजे आला तेव्हा कळत नाही, आठवड्याने कळतं की तो मागच्या मंगळवारीच आला होता. १५ फेब्रुवारीच्या आधी मोजतच नाहीत. आणि एकदा लागला की लागला. नंतर कितीही बर्फ पडो, कागदावर वसंतच.

लोकांचा हिशेब वेगळा. उन्हाची भिंत सापडली की तिला पाठ टेकून, डोळे मिटून, तोंड वर करून उभे राहतात. अनोळखी माणसं एका ओळीत, चार अंशांत. दुसरी खूण म्हणजे धूळ. हिवाळाभर घसरू नये म्हणून टाकलेली खडी एप्रिलमध्ये झाडून काढतात, तेव्हा आठवडाभर सगळ्यांना खोकला. ३० एप्रिलला होळ्या पेटतात. आपली होळी मार्चमध्ये, यांची त्यानंतर, आणि दोन्ही वेळा मी एकच जाकीट घातलेलं असतं.

मीठभाकर:
हेलसिंकी. १ मेच्या सहलीला गारा पडल्या तरी लोक चादर अंथरतातच. एवढंच सांगायचं होतं.

निफाडची:
वरचे सगळे वाचून मजा आली, पण या लहरींचे पैसे कुणीतरी भरतं, ते लिहिते.

मी द्राक्षवाल्याच्या घरातली. निफाडला थंडीची लाट आली की रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, ते बघत वाढले. लग्नानंतर मिशिगनला आले आणि घराभोवती चेरीच्या बागा. अमेरिकेतल्या आंबट चेरींचा मोठा वाटा या एका राज्यातून येतो. मिशिगन सरोवर हे इथलं खरं कवच. उशिरा तापणारं पाणी किनाऱ्याची हवा थंड ठेवतं, त्यामुळे झाडं लवकर जागी होत नाहीत आणि दहिवर (गोठणारं दव) जाईपर्यंत थांबतात.

२०१२ च्या मार्चमध्ये ते कवच कामाला आलं नाही. ओळीने कित्येक दिवस पारा पंचवीस अंशांच्या वर. टीशर्ट, आइस्क्रीम, टीव्हीवर सगळे खूश. आमच्या शेजारचे म्हातारे बागायतदार तेवढे खूश नव्हते. रोज सकाळी एक फांदी तोडून, कळी ब्लेडने आडवी कापून बघायचे. आत हिरवं असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर गेली. कळी मिटलेली असते तोवर कडाक्याची थंडी सोसते. जसजशी फुगते तसतशी तिची ताकद उतरते. पूर्ण फुलोऱ्यात असताना उणे दोनला दहातली एक जाते, उणे चारला दहातल्या नऊ. झाडं महिनाभर आधी जागी झाली होती आणि एप्रिलच्या रात्री मात्र एप्रिलसारख्याच आल्या, एकामागून एक. त्या वर्षी राज्यातलं आंबट चेरीचं आणि सफरचंदाचं जवळजवळ नव्वद टक्के पीक गेलं.

उपाय नाहीत असं नाही. बागेत उंच खांबावर मोठे पंखे असतात. निरभ्र शांत रात्री थंड हवा जमिनीलगत बसते आणि वर थोडी उबदार असते, तिला पंखा खाली ओढतो. काही जण रात्रभर झाडांवर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, म्हणून बर्फात गुंडाळलेली कळी शून्याच्या आसपास टिकते. पण फवारा सूर्य वर येईपर्यंत चालू ठेवावा लागतो, मध्येच बंद पडला तर न फवारल्यापेक्षा वाईट. आणि वारा सुटलेला असला तर पंखेही फुकट. आमच्याकडच्या शेकोट्या आणि हे पंखे यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्हीकडे माणसं रात्री जागी असतात आणि सकाळी कुणाशी बोलत नाहीत.

म्हणून मार्चमध्ये कुणी ‘आहाहा, काय हवा!’ म्हणालं की मी हसते, पण त्यांच्यात सामील होत नाही.

ओंटारियोकर:
निफाडची, हे माहीतच नव्हतं. आमचं थालीपीठपुराण फारच क्षुल्लक निघालं.

निफाडची:
छे हो. थालीपीठांची पाकृ टाका.

रेडरिव्हर:
विनिपेगचा मुद्दा पाण्याचा आहे. आमची रेड नदी उत्तरेला वाहते. म्हणजे दक्षिणेकडे, अमेरिकेत बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी निघतं आमच्याकडे, जिथे नदी अजून गोठलेली. पुढे वाट नाही, मागून लोंढा. जमीन तर पोळपाटासारखी सपाट. वसंत हळूहळू आला तर निभावतं, एकदम आला तर पूर. १९९७ चा पूर इथे अजून बोलण्यात येतो. शहर वाचलं ते १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या ४७ किलोमीटर लांबीच्या कालव्यामुळे. तो खणायला निघालेल्या डफ रॉब्लिन या प्रीमियरची (आपल्याकडचा मुख्यमंत्री समजा) त्या वेळी टिंगल झाली, लोक ‘डफचा चर’ म्हणायचे. आता तेच नाव प्रेमाने घेतात. त्यामुळे मार्चअखेर आमच्या ऑफिसात फुलांबद्दल कुणी बोलत नाही, नदीची पातळी विचारतात.

अरोरा_आणि_आमटी:
फेअरबँक्स, अलास्का. इथे वसंतावर चक्क पैज लागते, तीही कायदेशीर. नेनाना गावी गोठलेल्या टनाना नदीवर एक लाकडी तिवई उभी करतात (तिला पाय चार आहेत, विचारायचं नाही). तिची तार काठावरच्या घड्याळाला जोडलेली. बर्फ फुटून तिवई वाहायला लागली की घड्याळ थांबतं. ज्याने ती तारीख आणि मिनिट बरोबर सांगितलं त्याला बक्षीस. रेल्वेच्या इंजिनियरांनी १९१७ साली ८०० डॉलरवर सुरू केलेला खेळ. आजवर सगळ्यात लवकर १४ एप्रिल (२०१९) आणि सगळ्यात उशिरा २० मे (२०१३). म्हणजे एकाच नदीला महिन्याहून जास्त इकडेतिकडे करायची मुभा! आमचा गट दर वर्षी तिकिटं काढतो. एक काकू पंचांगातला मुहूर्त बघून वेळ लिहितात. अजून लागलेलं नाही.

पालवी मात्र इथे ताटकळत ठेवत नाही. मेमध्ये बर्चची झाडं एक-दोन दिवसांत हिरवी होतात. शुक्रवारी टेकडी करडी, रविवारी हिरवी.

शेवंता:
शिकागो. आमच्या घरी वसंत म्हणजे गुढी. काठी बर्फ ओढायच्या फावड्याची, पातं काढून. कडुलिंबाची पूड दुकानातली, आंब्याची पानं भारतीय दुकानात आली तर आली. एका पाडव्याला ओल्या बर्फाने जरीचा खण गोठून ताठ झाला आणि तांब्यावर पांढरी टोपी चढली. सासूबाई व्हिडिओकॉलवर होत्या. म्हणाल्या, “अगं, वारा नाही का तिकडे? गुढी हलत कशी नाही?”

नवा_गडी:
मी जानेवारीतच माँट्रियलला आलोय. सगळं वाचून घाबरलोय. दोन प्रश्न. हिवाळी टायर कधी काढू? क्युबेकचा कायदा १५ मार्चपर्यंतच आहे. आणि आईने कढीपत्त्याचं रोप दिलंय, ते बाल्कनीत कधी ठेवू?

रेडरिव्हर:
कायदा १५ मार्चला संपतो, बर्फ नाही. सात अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, सकाळीही पारा त्याच्या वर राहायला लागला की बदल. गॅरेजची वेळ मात्र आत्ताच घेऊन ठेव. पहिल्या उबदार शनिवारी सगळं शहर तिथे असतं.

निफाडची:
कढीपत्ता रात्री दहा अंशांच्या खाली जात नाही असा आठवडा दिसेपर्यंत आतच. आधी सावलीत, मग उन्हात, नाहीतर पानं करपतात. आणि मार्चमध्ये साखरमेपल बघायला जा. रात्री गोठणं, दिवसा वितळणं, या हुलकावणीवरच तो रस झरतो. चाळीस लिटर रस आटवून एक लिटर पाक.

नवा_गडी:
धन्यवाद ताई. आणि बर्फाचं फावडं?

शेवंता:
पाडव्यापर्यंत तरी राहू दे. काठी लागेल.