गूगलने मोटोरोला घेतली ती पेटंटसाठीच
वर कोणीतरी म्हटलंय की गूगलला स्वतःचे फोन बनवायचे होते म्हणून मोटोरोला ही फोन कंपनी घेतली, मला नाही पटत. २०११ ला साडेबारा अब्ज डॉलर मोजले ते मुख्यतः पेटंटसाठी, कारण तेव्हा गूगलच्या अँड्रॉइडवर फोन बनवणाऱ्यांवर अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्टचे पेटंटवरून कोर्टात दावे चालू होते आणि २०१४ ला लेनोवोला कंपनी विकायचं ठरलं तेव्हाही बहुतेक पेटंट स्वतःकडेच ठेवली की! सोशल नेटवर्कचं मात्र गूगलला कधी जमलंच नाही. त्यांचं सोशल नेटवर्क ऑर्कुट आपल्याकडे आणि ब्राझीलमध्ये धो धो चाललेलं (स्क्रॅप म्हणजे मित्रांच्या पानावर मेसेज टाकायला सायबर कॅफेत तासाचे पैसे भरलेत राव), ते नीट सांभाळायचं सोडून गूगल बझ काय, गूगल प्लस काय, नवनवीन सोशल नेटवर्कं काढत बसले... त्यात बझने जीमेलमधले कॉन्टॅक्ट परस्पर चव्हाट्यावर मांडले, मग लोक कशाला फिरकतील?