मदत हवी आहे: ॲझो डाय (कृत्रिम रंग) केशरी येतच नाही, तपकिरी चिकट गोळा होतो

प्रयोगवेडी: परवा सबमिशन आहे आणि प्रयोग दोनदा फसला. ॲनिलीनचं डायझोटायझेशन (थंडीत ॲसिड आणि सोडियम नायट्राइट घालून डायझोनियम हा नाजूक क्षार बनवणं), मग बीटा-नॅफ्थॉलशी कपलिंग, म्हणजे दोन्ही जोडून रंग करणं. केशरी-लाल साका (खाली बसणारा गाळ) यायला हवा, येतोय तपकिरी चिकट गोळा. बर्फ ठेवला होता. लवकर सांगा प्लीज.

लिटमस: नॅफ्थॉल कशात विरघळवला? नुसत्या पाण्यात नाही विरघळत.

प्रयोगवेडी: सोडियम हायड्रॉक्साइडमध्येच. तो भाग ठीक आहे.

ब्युरेट: तापमान किती? बुडबुडे आले?

प्रयोगवेडी: ३ अंश. नायट्राइट टाकताना बारीक बुडबुडे आले खरे.

ब्युरेट: थर्मामीटर कुठे होता?

प्रयोगवेडी: बर्फात.

ब्युरेट: मग तो बर्फाचं तापमान सांगत होता! नायट्राइट पडलं की फ्लास्कमध्ये उष्णता सुटते. आत ५ अंशांच्या वर गेलं की डायझोनियम फुटायला लागतं, नायट्रोजन निघून जातो आणि फिनॉल उरतो. चिकटपणा त्यातूनच येतो.

नारिंगी: ॲनिलीन सोडाच. सल्फानिलिक ॲसिड घ्या, त्याचं डायझोनियम जास्त टिकतं. डायमिथाइलॲनिलीनशी जोडलं की मिथाइल ऑरेंज तयार. मी नेहमी तेच करतो.

खडूफळा: अहो, त्यांना नॅफ्थॉलचाच डाय द्यायचाय. ताई, ॲसिड किती घेतलंत? आणि नायट्राइटनंतर पिवळं काही खाली बसलं का?

प्रयोगवेडी: हो! मला वाटलं डाय व्हायला लागला. ॲनिलीन १.९ ग्रॅम, तीव्र हायड्रोक्लोरिक २ मिली.

खडूफळा: खरी चूक इथे आहे. एका मोल (रेणूंची संख्या मोजायचं माप) ॲनिलीनला निदान अडीच ते तीन मोल ॲसिड लागतं. एक मोल नायट्रस ॲसिड सोडवायला, एक डायझोनियमचा क्षार व्हायला, वरचं आम्लता टिकवायला. म्हणजे तुम्हाला ५ मिली हवं. कमी पडलं की मोकळं ॲनिलीन डायझोनियमलाच जाऊन चिकटतं. तुमचा पिवळा साका म्हणजे डायझोॲमिनोबेंझीन.

ब्युरेट: पण बुडबुडे ॲसिडमुळे नाही येत. तापमानाचा दोष आहेच.

खडूफळा: दोन्ही दोष आहेत, मान्य. आणि ॲसिड वाढवलं की नॅफ्थॉलकडचं हायड्रॉक्साइडही वाढवा, पीएच ९-१० राहू द्या. नाहीतर नॅफ्थॉल आम्लात पांढरा होऊन बाहेर पडेल. डायझोनियम मात्र कधीही सुकवू नका, कोरडं असताना स्फोट होतो.

इतिहासवही: डायझो संयुगं पीटर ग्रीस यांनी १८५८ मध्ये शोधली. पुढे सुती कापड आधी नॅफ्थॉलमध्ये भिजवून मग डायझोनियममध्ये बुडवायचे, म्हणजे रंग धाग्यातच तयार व्हायचा. पॅरा रेड हा लाल रंग तसाच चढवत.

लिटमस: छान माहिती, पण त्यांचं सबमिशन परवा आहे.

प्रयोगवेडी: जमलं!! ५ मिली ॲसिड, थर्मामीटर फ्लास्कच्या आत, २ ते ४ अंश, नायट्राइट थेंब थेंब. द्रावण स्वच्छ राहिलं. स्टार्च-आयोडाइड पेपर (जास्तीचं नायट्रस ॲसिड दाखवणारा) लगेच निळा झाला तिथे थांबले. नॅफ्थॉलमध्ये पहिला थेंब पडला आणि शेंदरी ढग पसरला, हात थरथरत होता माझा. आता गाळतेय. रिक्रिस्टलायझेशन (शुद्ध करायला विरघळवून पुन्हा स्फटिक करणं) कशात करू?

खडूफळा: ग्लेशियल (पाणी नसलेल्या) ॲसिटिक ॲसिडमध्ये. वितळबिंदू १३१ अंशांच्या आसपास यायला हवा. आला की इथे कळवा.